त्याच्या नावाची मूठ

माय, आज नंदुरबारात एका बापाने मला चांगलंच फैलावर घेतलं. त्याचा मुलगा पाच वर्षांचा आहे, बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, पंख्याकडे तासन्‌तास बघत बसतो. मी त्याला शिकवायला त्यांच्या घरी जाते आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसते. बाप म्हणाला, "मॅडम, तुमच्या सेंटरवर एवढी खेळणी, एवढे तक्ते, आणि तुम्ही आमच्या सिलिंडरजवळ फतकल मारून बसता. घरातल्या बायांना वावरता येत नाही." मी म्हटलं, तो जेवायला जिथे बसणार आहे तिथेच त्याला जेवायला बसायचं शिकवावं लागतं, पुस्तकात तसं आहे. पुस्तकाचं नाव काढलं की माणसं गप्प बसतात, हा माझा जुना अनुभव. तोही बसला. पण घरी येताना मला माझंच हसू आलं. पुस्तक माझ्या हातात फार उशिरा पडलं. त्याच्या कितीतरी आधी मी हे आपल्या रनाळ्याच्या खोलीत बघितलं होतं, आणि ते शिकवताना तू चुकली होतीस.

चुकली होतीस, असं आज लिहितेय. तुझ्या तोंडावर असं म्हणायची माझी काय टाप होती? पण आता मी तुझ्यापेक्षा वयाने किती मोठी झाले आहे. तू गेलीस तेव्हा तुझा एकही केस पिकला नव्हता, आणि मला आता जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. त्यामुळे म्हातारीने तरण्या बाईला सांगावं तसं सांगते, रागावू नकोस.

त्या वेळी आपला हा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. बाबा रेल्वेत गँगवर होते आणि तापाने गेले, तेव्हा मी इतकी लहान होते की मला त्यांचा फक्त खाकी सदरा आठवतो. तू धुळ्याला जाऊन बालवाडीचं ट्रेनिंग घेतलंस आणि रनाळ्याला नोकरीवर आलीस. खळ्यामागच्या एका खोलीत बालवाडी, आणि गल्लीच्या टोकाला आपली राहायची खोली. एक चूल, एक पिठाचा डबा, एक खाट. माणसं दोनच. गावात तुला सगळे 'बाई' म्हणायचे आणि मला 'बाईनी पोर'. मला ते आवडायचं. बाईची पोर म्हणजे बाई माझी, एवढा सरळ हिशोब होता माझा. सकाळभर तू गावाच्या पोरांची असायचीस, त्यांची नाकं पुसायचीस, त्यांच्यापुढे गाणी म्हणायचीस, ते मला चालत होतं, कारण दुपारी कुलूप लावून तू घरी आलीस की उरलेली तू माझी. चुलीजवळ पिठाच्या डब्याला पाठ टेकून मी बसायचे, तू भाकरी थापायचीस, आणि आपण बोलायचो. काय बोलायचो ते काही आठवत नाही. बोलायचो एवढं आठवतं.

मग तो आला. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा नातू, सहा वर्षांचा. ज्यांच्या मालकीची बालवाडीची खोली होती, त्यांच्याच घरातला. त्याच्या आईने त्याला हाताला धरून आणलं आणि तुझ्यापुढे उभं केलं. ती डोक्यावरचा पदर पुढे ओढत हळू आवाजात म्हणाली, "बाई, हाऊ बोलत नही. आयकस समदं, पन देखत नही कोनाकडे." तिने सगळं करून झालं होतं. पोपटाने टोचलेला पेरू खाऊ घातला होता, वेखंड उगाळून जिभेला लावलं होतं, कुणी सांगितलं तिथे नेऊन अंगारे लावले होते. गावात त्याला येडा म्हणायचे. तिने मात्र तुला तेवढंच विचारलं, "बाई, हाऊ तुमनाकडे बठी का?" बोलेल का, असं तिने विचारलं नाही. बसेल का, एवढंच.

बालवाडीत तो बसला नाही. पोरांनी टाळ्या वाजवून गाणं सुरू केलं की तो कानांवर हात दाबून असा ओरडायचा की बाकीची पोरं रडायला लागायची. तेव्हा तू ठरवलंस, सकाळी नको, दुपारी बालवाडी सुटल्यावर याला घरी आणायचं. आणि तो आला तो सरळ चुलीकडे गेला आणि पिठाच्या डब्याला पाठ टेकून बसला. माझ्या जागेवर. मी म्हटलं, "माय, ती मन्ही जागा शे." तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे वं. बठना ना तो." आणि तुझ्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी उंबऱ्याजवळ जाऊन बसले. पुढे वर्षभर मी तिथेच बसले, माय.

तू त्याला कसं शिकवायचीस ते मी उंबऱ्यावरून बघितलंय, रोज. आज मी नव्या मुलींना जे सांगते त्यातलं बरंचसं तेच आहे. तू एक शब्द बोलायचीस आणि मग तोंड मिटून वाट बघायचीस. 'भाकर' म्हणायचीस, तुकडा त्याच्यासमोर धरायचीस आणि थांबायचीस. चुलीवरची भाकरी करपायची, तू थांबलेली असायचीस. त्याने तुकड्याकडे हात नेला की तू डोळे न वटारता, न हसता, तुकडा द्यायचीस. तो तुझ्याकडे बघायचा नाही, तू त्याला 'माझ्याकडे बघ' म्हणायची नाहीस. ओरडायला लागला तर तू थापत असलेली भाकरी तशीच टाकून त्याच्याशेजारी गप्प बसायचीस, तो थांबेपर्यंत. बोलघेवडी बाई होतीस तू, गल्लीत उभी राहिलीस की भात खाली लागायचा, पण त्याच्यापुढे तुझ्या तोंडून मोजके शब्द निघायचे. मला तेही खुपायचं. माझ्या वाट्याला बडबड आली आणि त्याच्या वाट्याला ते थांबणं आलं. तसं कुणीतरी आपल्यासाठी थांबावं, असं मला वाटायचं.

म्हणून एक दिवस मी बोलायचं बंद केलं. तुला आठवतं का माहीत नाही. सकाळी उठल्यापासून मी तोंड उघडलं नाही. तू हाक मारलीस, मी ओ दिली नाही. तू भाकरी पुढे केलीस, मी तुझ्याकडे न बघता हात पुढे केला, अगदी त्याच्यासारखा. तू थोडा वेळ बघत राहिलीस, आणि मला वाटलं आता तू थांबशील, माझ्यासमोर बसशील. तू म्हणालीस, "तुले बोलता येस ना? मंग बोल. ज्याले येत नही त्यानं सोंग करू नको." मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. मी बोलायला लागले. बोलता येत असल्याची शिक्षा असते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि बहीणभावंडांत जे पोर बरं असतं त्याच्या डोळ्यात मी ते आजही ओळखते. माझ्याकडे अशी मुलं आणणाऱ्या आयांना मी दुसऱ्या पोराबद्दल पहिल्यांदा विचारते. त्यांना नवल वाटतं.

आषाढ लागला आणि कानबाई जवळ आली. खानदेशात कुणाला कानबाई सांगावी लागत नाही, पण मी हे लिहितेय तर नीट लिहिते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी घरोघरी बसते, आणि तिच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू काढतात. तान्ह्या पोराची मूठ असते, परगावी नोकरीला गेलेल्याची असते. त्या गव्हाच्या पिठाचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. परक्याला द्यायचा नाही, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. बाबा गेल्यावर धानोऱ्याच्या काकांनी आपल्या घराची मूठ काढणं सोडलं. पहिल्या वर्षी रोटाचं बोलावणं आलं नाही तेव्हा तू म्हणालीस, विसरले असतील. दुसऱ्या वर्षी काही म्हणाली नाहीस. आपल्या घरात मोजायला पुरुष नव्हता आणि तू नि मी मोजण्यात येत नव्हतो.

म्हणून त्याच्या आईने चुलीजवळ बसून तुला सांगितलं की आमच्या याचीही मूठ आजपर्यंत काढलेली नाही, तेव्हा तुझा हात पिठातच थांबला. तू त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलीस, मला बरोबर घेऊन. त्याचे आजोबा ओट्यावर बसले होते. मोठं कुळ, सगळं गाव त्यांना दबून असायचं, पण तुझ्याशी ते सरळ बोलले. म्हणाले, "बाई, मूठ मानूसना नावनी ऱ्हास. हाऊ तं अजून मानूसमा बठत नही." दर वर्षी पंगतीत तो किंचाळायचा, ताट उधळायचा, कानबाईपुढे असा तमाशा त्यांना नको होता. तू विचारलंस, "बठना तं?" ते म्हणाले, "बठना तं लिसू. मन्ही जबान शे." तो बसला तर मूठ काढू, हा शब्द घेऊन परत येताना तू एवढ्या भराभर चालत होतीस की मला पळावं लागलं. त्या दिवसापासून त्या पोराच्या नावाची मूठ काढली जाणं हेच आपल्या घरातलं एकमेव काम झालं.

आणि तेव्हा, माय, तुला माझी गरज पडली. पंगतीची तालीम करायची तर पंगत हवी, गोंगाट हवा. तू मला उंबऱ्यावरून आत बोलावलंस. मी भाऊबंद झाले, गाणाऱ्या बाया झाले, फुगडी घालणारी सासुरवाशीण झाले. आधी हळू थाळी वाजवायची, तो कानावर हात नेईल तिथे थांबायचं, दुसऱ्या दिवशी तेवढंच, मग जरा मोठ्याने. खरा रोट तालमीसाठी करणं पाप, म्हणून तू जाड भाकरी करायचीस आणि तिला रोट म्हणायचीस. गिलक्याची भाजी, वाटीभर खीर, ताट नेहमी एकाच बाजूला. तो पिठाच्या डब्याला टेकलेला, समोर ताट, आणि मी त्याच्याभोवती कानबाईची गाणी म्हणत फिरतेय. एका बाजारच्या दिवशी तू नंदुरबारला गेलीस आणि मणियाराकडून माझ्यासाठी हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्यास, दोन्ही हात भरून. मी हरखून गेले. तू म्हणालीस, "घाल आनि वाजाड. तठे बायास्ना हातमा बांगड्या ऱ्हातीस, त्याले सवय व्हवाले पाहिजे." म्हणजे त्या बांगड्या आवाजासाठी होत्या. मला ते त्याच क्षणी कळलं, आणि तरी मी त्या घातल्या, आणि त्या फुटेपर्यंत काढल्या नाहीत. सांगायला लाज वाटते, पण ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. तू माझ्याकडे बघून म्हणायचीस, आता मोठ्याने, आता थांब, शाबास. त्याच्यासाठी का होईना, तू माझ्याकडे बघत होतीस.

तो बसायला लागला. मी थाळी बडवली, बांगड्या वाजवल्या, ओरडून गाणं म्हटलं, आणि तो शांतपणे भाकरीचे तुकडे करून खात राहिला. तू आजोबांना बोलावणं धाडलंस. ते आले, जोडे बाहेर काढले, खाटेवर बसले आणि सगळी पंगत बघितली. मी त्या दिवशी जीव तोडून गायले. तो जेवला, पाणी प्याला, ताटात एक शीत टाकलं नाही. आजोबांनी पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले आणि उठले. कानबाईच्या आदल्या दिवशी त्याची आई धावत आली. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या नावाची सव्वा मूठ गहू काढला होता. ती दारातच बसून रडली, आणि तू तिच्या पाठीवरून हात फिरवत होतीस, आणि तुझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबा गेले तेव्हा तुला रडताना मी बघितलं नव्हतं.

रविवारी त्यांच्या घरून गाण्यांचा आवाज येत होता. आपल्याला तिथे जायचं कारण नव्हतं, आपण परके. तू चूलही पेटवली नव्हतीस, कान देऊन बसली होतीस. किंचाळी ऐकू आली नाही, तेव्हा तू माझ्याकडे बघून मान हलवलीस. पुढचं मला नंतर त्याच्या आईकडून कळलं. तो पंगतीत बसला, गोंगाटाला घाबरला नाही. पण ताट समोर आलं तेव्हा त्याने मागे हात नेऊन चाचपलं. तिथे पिठाचा डबा नव्हता. त्याने चारही बाजूंना बघितलं, ताटातला रोट उचलला, उठला आणि भर पंगतीतून, बायांमधून, दारातून बाहेर पडला. कुणाला काही कळेपर्यंत तो गल्लीत होता.

मी त्याला येताना बघितलं. दोन्ही हातांत रोट धरलेला, तोंड शांत, आणि मागे त्याचे काका, चुलतभाऊ, आई, बायका. तो आत आला, डब्याला पाठ टेकून आपल्या जागेवर बसला. दाराबाहेर माणसं उभी राहिली. रोट उंबऱ्याबाहेर आला होता, परक्याच्या घरात आला होता. त्याने रोट मोडला. एक तुकडा तोंडात घातला. मग दुसरा तुकडा मोडला आणि हात पुढे केला, तुझ्याकडे. बघत चुलीकडे होता, हात तुझ्याकडे होता. त्या पोराने तोवर कधी कुणाला काही दिलं नव्हतं, माय. आईच्या हातात चिंचोकाही ठेवला नव्हता. तो हात तसाच धरून थांबला, जसं तू त्याच्यासाठी थांबायचीस तसा. दारातून त्याचे काका म्हणाले, "बाई, खाऊ नका." तू कानबाई बसवणाऱ्या घरातच जन्मली होतीस, तुला काय सांगायला हवं होतं? तू तुकडा घेतलास आणि खाल्लास.

दुसऱ्या दिवशी कानबाईचं विसर्जन झाल्यावर आजोबा आले. या वेळी जोडे काढले नाहीत, बाहेरच उभे राहिले. ते एवढंच म्हणाले, "बाई, तुम्हले माहीत व्हतं." तू म्हणालीस, "व्हतं." "मंग?" तू म्हणालीस, "त्यानी हातमा दिधा. नही कशी म्हनू?" त्यांना पटलं नाही असं मला आजही वाटत नाही. पण कुळात इतकी तोंडं, आणि विधवा बाईने आमचा रोट खाल्ला, पोरावर काहीतरी केलं, हे गावभर झालेलं. पोळा झाल्यावर खोली रिकामी करून मागितली त्यांनी. खोली नाही म्हणून बालवाडी नाही, बालवाडी नाही म्हणून नोकरी नाही. त्याला मळ्यात नेऊन ठेवलं, सालदाराच्या कुटुंबाजवळ. त्याची आई एकदा चोरून आली, तुझे पाय धरायला लागली, तू तिला उठवलंस आणि पीठ चाळायला बसलीस.

नंदुरबारला येऊन तू मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जायला लागलीस. लाल मिरचीचं रान नुसतं, त्यात ओळीने बसलेल्या बाया, तोंडाला पदर बांधलेल्या. संध्याकाळी तुझे हात कोपरापर्यंत पेटलेले असायचे. त्या हातांनी तू मला जवळ घेत नव्हतीस, माझ्या डोळ्यांना झोंबेल म्हणून. लांबूनच म्हणायचीस, जेवलीस का, अभ्यास केलास का. आता तू सगळीच्या सगळी माझी होतीस, मध्ये कुणी नव्हतं, आणि तुला हात लावता येत नव्हता. मी मॅट्रिकला होते त्या वर्षी तुला कावीळ झाली. शेवटच्या दिवसांत तू खाटेवर पडून भिंतीकडे बघत असायचीस आणि मध्येच म्हणायचीस, "तो मन्हाकडे उना ना वं, एवढं घर सोडीसन." मी हो म्हणायचे. माझ्याबद्दल तू काही बोलली नाहीस. माझं कसं होईल, असंही नाही. तुला खात्री असेल की माझं नीट होईल. बोलता येणाऱ्या पोरांबद्दल आयांना अशी खात्री असते.

पुढे मी शिक्षिका झाले, आणि बऱ्याच वर्षांनी पुण्याला एका प्रशिक्षणाला गेले. तिथे मला पहिल्यांदा कळलं की त्याला जे होतं त्याला नाव आहे, स्वमग्नता म्हणतात. शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या की ही मुलं जे जिथे शिकतात ते तिथेच शिकलेलं असतं. एका खोलीत शिकवलेलं दुसऱ्या खोलीत आपोआप जात नाही, म्हणून शिकवणं त्या त्या जागी जाऊन करावं. बाकीच्या मुली लिहून घेत होत्या. मी वर्गातून उठून बाहेर गेले. माय, तो तुझ्याकडे आला नव्हता. रोट खायचा तो डब्याला टेकून, आपल्या चुलीजवळ, असं आपण दोघींनी महिनाभर त्याला शिकवलं होतं, आणि तो चोख शिकला होता. त्यांच्या घरात, त्यांच्या पंगतीच्या जागी बसून तालीम केली असती तर तो तिथेच जेवला असता. तुझी बालवाडी राहिली असती. तुला पथारीवर जावं लागलं नसतं. एवढीशी चूक, आणि ती त्या काळी कुणाच्याही हातून झाली असती. हे मी तुला कसं सांगणार होते, तू भिंतीकडे बघत 'तो मन्हाकडे उना' म्हणत असताना? बरं झालं मला तेव्हा माहीत नव्हतं.

पण मी कितीही शहाणी झाले तरी एका गोष्टीशी अडते. हात पुढे करणं आपण शिकवलं नव्हतं. तालमीत कुणी कुणाला काही द्यायचं नव्हतं. जागा त्याची शिकलेली होती, देणं त्याचं स्वतःचं होतं. या कामात माझे केस पांढरे झाले, आणि अशी गोष्ट घडलेली मी बोटांवर मोजण्याइतक्या वेळा बघितली. तू खाल्लास तो तुकडा. मी तुझ्या जागी असते तर खाल्ला असता का, हे मला माहीत नाही. मी कदाचित नियम बघितला असता.

मागच्या महिन्यात रनाळ्याला गेले होते. तिथल्या एका मुलीसाठी, तिच्या घरी, तिच्या चुलीजवळ. काम झाल्यावर पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. आपली खोली कधीच पडली, तिथे आता पिठाची गिरणी आहे. त्यांचं घर मात्र आहे, स्लॅबचं झालंय. ओट्यावर तो बसला होता. म्हातारा, पांढरे केस नीट कापलेले, स्वच्छ सदरा, कुणीतरी रोज दाढी करतं हे दिसत होतं. त्याच्या पुतण्याची बायको बाहेर आली. मी म्हटलं, इथे पूर्वी बालवाडी होती, त्या बाईंची मी मुलगी. तिने ऐकलेलं नव्हतं. आत जाऊन सासूला विचारून आली, सासूलाही माहीत नव्हतं. चांगली बाई, मला पाणी दिलं, चहा टाकला. मी सहज विचारलं, कानबाईला यांची मूठ काढतात का. ती म्हणाली, "मंग? मोठा आजोबासनी जबान शे म्हंतस. यास्नी मूठ कधी चुकाडी नही." म्हणजे आजोबांनी शब्द पाळला. त्याला मळ्यात ठेवलं, तुला गावातून घालवलं, आणि त्याच्या नावाची मूठ दर वर्षी काढली. माणसांना काय म्हणावं?

ती चहा करायला आत गेली आणि मी त्याच्याशेजारी बसले. जसं बसायला शिकवते तसंच, जरा अंतर ठेवून, त्याच्या बाजूला तोंड न करता. तो रस्त्याकडे बघत होता. मी हळू आवाजात आपल्या बोलीत त्याला सांगितलं, बाई गई, कवयच गई. मी तिनी पोर शे. त्याने मान हलवली नाही. मग मी थांबले, तुझ्यासारखी. चहा आला, निवला. तो उठला आणि घरात गेला.

या मुलांच्या आया मला एकच प्रश्न विचारतात, मॅडम, बोलेल ना हो कधी? मी त्यांच्या हातावर हात ठेवून सांगते की बोलणं म्हणजेच सगळं नसतं, त्याच्या न बोलण्यातलं ऐकायला शिका. हे मी शेकडो आयांना सांगितलंय आणि मनापासून सांगितलंय. सेंटरच्या भिंतीवरसुद्धा तसं लिहून लावलंय. पण त्या ओट्यावर बसले असताना मला वाटत होतं की याने बोलावं. तुझ्याबद्दल एक शब्द, काहीही, तू कशी दिसायचीस, कशी हसायचीस. मी तर उंबऱ्यावरून बघितलंय, त्याने जवळून बघितलंय. तुला ओळखणारी जगात आता आम्ही दोघंच उरलोय, माय. तिथे मला माझं सांगणं पटलं नाही, आणि हे मी अजून कुठल्याच आईला सांगितलेलं नाही.